मळू नयेत म्हणून

ये गं, जवळ बस. इतके दिवस म्हातारीची आठवण नाही झाली होय?

सत्तर-एकाहत्तर साली मी राहात्याच्या बालवाडीत मदतनीस होते. तिथल्या बाई देशोदेशीच्या मुलांची चित्रपुस्तकं आणायच्या, चित्रांखाली मराठी चिठ्ठ्या डकवायच्या. "हा आपल्या वर्गातला नवा, बरं का!" असं त्यांनी म्हटलं, की पोरं चित्रातल्या काळ्या मुलाला भाकरी भरवायची. पानावर चटणीचे डाग पडले तरी बाई खुदकन हसायच्या. मी मात्र पुस्तकं ट्रंकेत घालून कुलूप लावलं.

"मावशी, मळू द्या हो."

"न्हाई बाई, लई महागाची हायेत."

वर्ष सरल्यावर मी ट्रंक मोठ्या कौतुकानं उघडून दाखवली. बाई हळूच म्हणाल्या, "पोरं पहिलीत गेली हो, मावशी."

अजून खुपतं ते. तू पुन्हा ये गं लवकर, लेकरांना घेऊन.