युसूफचं 'किच'

फोन आला तेव्हा मी वर्गात होतो. "युसूफ गेला," त्याचा भाऊ हनीफ एवढंच म्हणाला. आणि मी येड्यासारखं विचारलं, "कुठं?"... नेरला पोचेपर्यंत दफनही झालं होतं. तीन आठवडे उलटले, तरी डोक्यात शिरत नाही. आदल्या दिवशीच तर फोन उचलत नाही म्हणून मला शिव्या घालत होता हा माणूस!

आम्ही शाळेपासूनचे दोस्त. मी नागपुरात शिल्पकला शिकवतो. तो नेरला सिमेंटची जनावरं करायचा. ढाब्यापुढचे वाघ, बागेतली हरणं, आणि कचरा टाकायला आ वासून बसलेले गुलाबी ससे, पोटावर 'मला वापरा'. त्या सशांना मी आयुष्यभर नाकं मुरडली. मग असल्याच बाजारू, भडक वस्तू कलादालनात मांडायची हवा आमच्याकडे आली, आणि प्रदर्शनात युसूफचा ससा मीच मिरवला.

उद्घाटनाला तो कडक इस्त्रीच्या शर्टात सशाशेजारी उभा. पाहुणे हसत होते, सेल्फी काढत होते, "काय किच आहे!" म्हणत होते. त्यानं मला बाजूला ओढलं.

"किच म्हंजे काय बे? कीचड का?"

भडक, हलक्या आवडीचं... हे मित्राच्या तोंडावर कसं सांगू? "हो, तसंच," मी म्हणालो.

"मंग बरोबर हाय! आपला ससा पहिले चिखलाचाच बनते." पुढं ज्याला त्याला तो तेच सांगत सुटला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगायचं मात्र आज-उद्या करत राहूनच गेलं.

परवा युसूफच्या कारखान्यात हनीफपुढे सगळं ओकलो. तो म्हणाला,

"भाऊ, त्याले मालूम होतं ना! त्याच दिवशी मोबाईलवर पाह्यलं त्यानं. म्हणे, दोस्ताचं तोंड उतरलं होतं, म्हून म्या चिखलच चालवून घेतला."

लाज त्याची काढली मी, आणि झाकत होता तो माझी.

"हे तुमच्यासाठी करून राह्यला होता," म्हणत हनीफनं कोपऱ्यातली ताडपत्री ओढली. ससाच. गुलाबी. नाकावर माझ्यासारखाच जाड भिंगांचा चष्मा, तोंड सताड उघडं. आणि पोटावर युसूफच्या अक्षरात लिहिलेलं, 'बोल ना बे!'