ट्रंपेट, पेढे आणि बाबांचा सत्कार

बाबांचा सत्कार ठरला तेव्हाच मी संयोजकांना सांगून ठेवलं होतं, आधी त्यांना वाजवू द्या, मग काय हार-तुरे घालायचे ते घाला. ट्रंपेट वाजवणाऱ्याचे ओठ तव्यासारखे असतात, तापले की लगेच भाकरी टाकायची. एकोणऐंशीव्या वर्षी, पुढच्या दातांच्या जागी कवळी असताना, बाबांच्या ओठांत जेमतेम दहा मिनिटांचा दम उरला होता. त्या दहा मिनिटांसाठी ते महिनाभर रोज सकाळी सराव करत होते. यानंतर पुन्हा लोकांसमोर वाजवणं होणार नाही, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

"ताई, तुम्ही अजिबात काळजी करू नका," संयोजक म्हणाले. हे वाक्य ऐकलं की माझी काळजी सुरू होते.

रविवारी सकाळी दहाला गंगापूर रोडच्या हॉलमध्ये कार्यक्रम. बाबांनी साडेनऊलाच मागच्या खोलीत ओठ तापवले. प्रमुख पाहुणे पिंपळगावहून निघाले होते आणि सव्वाअकरापर्यंत ते निघालेलेच होते. मग दीपप्रज्वलन. पंख्यानं ज्योत टिकेना आणि पंख्याचं बटण कुणाला सापडेना. मग स्वागत, प्रास्ताविक, परिचय. परिचय करून देणाऱ्या गृहस्थांनी ट्रंपेटला दोनदा सॅक्सोफोन म्हटलं.

खरा परिचय चार वाक्यांत आटपला असता. बाबा लग्नाच्या बँडमध्ये वाढले, मुंबईला गेले, तिथल्या हॉटेलांत गोव्याच्या वादकांशेजारी बसून जॅझ शिकले. आजोबा आजारी पडले म्हणून परत आले आणि नाशिकच्या वरातींत तेच वाजवू लागले. लोकांच्या फर्माइशीचं गाणं वाजवता वाजवता मधेच ते चाल सोडून कुठेतरी भटकून यायचे आणि नेमक्या ठेक्यावर परत हजर व्हायचे. नाचणारे क्षणभर बुचकळ्यात पडायचे, मग आणखीनच नाचायचे. पिंपळगाव-विंचूरकडचे द्राक्षवाले आधी बाबांची तारीख घ्यायचे, मग भटजींना मुहूर्त विचारायचे. आजही इथल्या बँडमधलं कुणी वरातीत एक लांब, घसरत जाणारा सूर घेतं, तो बाबांचा आहे. वाजवणाऱ्याला ते माहीत नसतं. बाबांना त्याचं काही वाटत नाही, मला वाटतं.

मग शाल, श्रीफळ, फेटा. आणि पेढे! सत्कारमूर्तीला प्रत्येकानं स्वतःच्या हातानं पेढा भरवायचा आणि फोटोवाल्याकडे बघत हात तिथेच धरून ठेवायचा. मी स्टेजखालून ओरडलेच, "अहो, त्यांना वाजवायचंय! पेढे नंतर!"

"असू द्या हो ताई, आनंदाचा क्षण आहे," प्रमुख पाहुणे हसत म्हणाले. "माझ्या लग्नात वाजवलंय यांनी." आणि अख्खा पेढा बाबांच्या तोंडात.

बाबांना कुणाला नाही म्हणता येत नाही. सात जणांनी भरवले. कवळीला चिकटलेला खवा ते जिभेनं सोडवत बसले होते आणि मला संतापानं रडू येत होतं. सातांपैकी एकालाही सुचू नये?

एक वाजला. पुढच्या साखरपुड्याची मंडळी दारात येऊन उभी राहिली. "आता फक्त दोन मिनिटं," माइकवरून घोषणा झाली.

बाबा उठले. त्यांनी ट्रंपेट ओठांना लावला. बोटं पिस्टनवर अचूक चालू लागली, पण सूर निघेना. नुसती हवा येत होती. फेट्याखालून घाम कानापर्यंत ओघळला. तरीही त्यांनी बोटं शेवटपर्यंत चालवली, मधे कुठेही थांबले नाहीत, आणि मग ट्रंपेट खाली घेतला. टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उभे राहिले. कुणीतरी "वा, वा!" म्हणालं.

रिक्षात मी संयोजकांना, पाहुण्यांना, फोटोवाल्याला, सगळ्यांना नावं ठेवत होते. बाबा शाल मांडीवर घेऊन बसले होते. पंडित कॉलनी मागे पडल्यावर त्यांनी विचारलं, "तुला तरी काही ऐकू आलं का गं?"

"नाही, बाबा."

"मग टाळ्या का वाजवल्यास?"

मी पहिल्या रांगेत होते. सगळ्यांत आधी मीच वाजवल्या होत्या.