गाणं थांबलं नव्हतं

आमच्या घराला लागूनच आमचा टॉवेलचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याखाली चार यंत्रमाग. त्यांच्या खडखडाटात माझी लेक पाळण्यात गाढ झोपायची आणि वीज जाऊन माग थांबले की दचकून रडत उठायची. विणकरांच्या घरात सगळ्यांचं असंच असतं. धागा तुटला की माग बंद पडतो, त्यामुळे एकदम शांत झालं की काय तुटलं ते बघायला आम्ही धावतो.

म्हणून तिनं इलेक्ट्रिक गिटार आणली तेव्हा आवाजाबद्दल मी चकार शब्द काढला नाही. माझी तक्रार गाण्याबद्दल होती. ते परदेशातलं, ती जन्मायच्या कितीतरी आधीचं, केस न विंचरणाऱ्या पोरांनी गायलेलं आणि जगभर गाजलेलं. आधी गिटार एकटीच घासल्यासारखी वाजते, मग ड्रम अंगावर कोसळतात. मग सगळं अचानक मंद होतं, दोनच सूर ठिबकत राहतात, गाणारा तोंडातल्या तोंडात पुटपुटतो आणि पुन्हा बेंबीच्या देठापासून ओरडतो.

"याचा अर्थ काय गं?" मी एकदा वैतागून विचारलं.

"सरळ असा अर्थ नाहीय अम्मा. हे आवडून घ्या, ते आवडून घ्या म्हणून सगळे मागं लागतात ना, त्याचा लई कंटाळा आलाय त्याला. आणि तो स्वतःलापण हसतोय की."

"मग नीट शब्द उच्चारायला काय धाड भरली त्याला?"

"तू वैतागलीस की नीट शब्दांत सांगतेस व्हय? भांडी आपटतेस की!"

कार्टी खरं बोलली होती. त्या दिवसापासून ते गाणं मला आवडायला लागलं, पण तिला मी तसं कळू दिलं नाही.

ड्रमवर तिची मैत्रीण होती. तिच्या घरचा लग्नाचा बँड आहे, पण त्या घरात बाईनं ढोलाची काठी धरलेली हीच पहिली. सरावाला आमच्या कारखान्यात यायची. "चाची, मेरा हात जरा भारी पडता," असं आधीच सांगून ठेवायची आणि मग असं बडवायची की मागांचाही आवाज झाकून जावा.

आमच्या विणकर समाजाच्या स्नेहसंमेलनात दोघींना एक गाणं मिळालं. पडद्याची दोरी दरवर्षी माझ्या चुलत सासऱ्यांच्या हातात असते. त्यांनी बजावलं, "एकच गाणं. मधी बिघडलं की पडदा पाडणार. मग पुढच्या साली गपगुमान टिपऱ्या खेळायच्या."

जाताना रिक्षात लेक मला म्हणाली, "मला गाणं पुरं वाजवायचंय, अम्मा. टाळ्या नसल्या तरी चालतील."

सुरुवातीच्या दणक्याला सभागृहातलं एकही म्हातारं माणूस हललं नाही. सगळे निवांत बसून होते, काहींनी तर पायानं ठेकाही धरला. मला हसू आलं. यांचे कान मागावर तयार झालेले, त्यांना कसला त्रास होणार? मग ती मंद जागा आली आणि अख्खं सभागृह दचकलं. आमचे हे खुर्चीतून अर्धे उठले. पुढच्या रांगेतले आजोबा काय तुटलं ते बघायला माना ताणू लागले. "लाइट गेली का काय?" कुणीतरी ओरडलं. खुर्च्या सरकल्या, एकच गलका झाला आणि पडदा हलायला लागला.

लेक वाजवत होती. तेच दोन सूर, न चुकता. पण तिची नजर सरकत्या पडद्यावर होती.

मी उभी राहिले. कारखान्यात बोललेलं कुणाला ऐकू येत नाही, तिथं आम्ही हातानंच बोलतो. मी हात वर केला आणि बोट गोल फिरवलं. चालू दे, काही तुटलेलं नाही. विचार करून केलं म्हणावं तर तसंही नाही, हात आपसूक वर गेला. विंगेतून सासऱ्यांनी ते पाहिलं. उभा जन्म मागावर गेलेला माणूस तो, दोरीवरचा त्यांचा हात जागीच थांबला. मागच्या रांगांनीही खूण वाचली आणि सगळे खाली बसले.

तेवढ्यात ड्रम कोसळले. माझी लेक तोंड वर करून अशी ओरडली की माझ्या अंगावर काटा आला. ही माझी पोरगी, असं शेजारणीला सांगावंसं वाटलं. शेजारणीला ते माहीत होतं, तरी मी सांगितलं.

गाणं संपलं, आणि या वेळी खरंच संपलं. पण टाळी कुणीच वाजवेना. एकदा फसलेले लोक, पुढं अजून असेल म्हणून सगळे मुकाट वाट बघत बसले. दोघी पोरी घामाघूम होऊन एकमेकींकडे बघत उभ्या.

तेव्हा विंगेतून सासरे दोन पावलं पुढं आले. दोरी त्यांनी सोडून दिली होती. त्यांनी हात वर केला आणि बोट गोल फिरवलं.

पोरींकडे दुसरं गाणं नव्हतं. त्यांनी तेच पुन्हा सुरू केलं, आणि मंद जागा आली तेव्हा कुणीही उठलं नाही.