गुळाच्या कढईतून पूर्णापार

मी लेखक नव्हे. आमच्या घरात माझ्याआधी सगळ्यांनी अंगठेच उठवले. तेव्हा मी आठवणी लिहायला बसणं हा आगाऊपणाच आहे, आणि तो मलाही जाणवतो. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

हैदराबादेत कॉलेजात मी पदार्थविज्ञान उर्दूतून शिकलो आणि नेमका त्यातच नापास झालो. फेरपरीक्षा भर पावसाळ्यात आली. वडील एवढंच म्हणाले, "ह्या खेपेला पास हो. न्हाई तर औत तयारच हाय."

निघायच्या दिवशी पूर्णेला पाणी आलेलं, नावाडी तापाने फणफणलेला, आणि नदीपलीकडच्या वसमतहून हैदराबादची आगगाडी दुपारची. उरली आत्याची कढई. आमच्याकडे गुऱ्हाळ आटोपलं की गूळ करायची ती मोठी लोखंडी कढई पावसाळाभर नदीवर असे. आत्या तिच्यातूनच रोज पलीकडच्या शेतात जाई. त्या दिवशी सोबत एक शेळी होती.

"आत्या, आज मी वल्हवतो," मी म्हणालो. परीक्षेआधी उजळणीही होईल, असं मनात होतं.

वल्हं म्हणजे एक आखूड फळी. मी उजव्या कडेला बसलो आणि पाणी जोरात मागे सारलं. कढई जागच्या जागी फिरली. मी आणखी जोर लावला, ती आणखी जोरात फिरली. काठावर उभे असलेले वडील एकदा दिसत, एकदा दिसेनासे होत.

"काहून रं, जत्रंतला पाळणा हाय का ह्यो?" आत्या म्हणाली.

"आत्या, पाणी मागं सारलं की कढई पुढं जाती. अमल आणि रद्दे-अमल, म्हंजी क्रिया आणि प्रतिक्रिया. पुस्तकात बराबर लिहून हाय."

"पुस्तकातली नाव लांबुडकी असंल. ही गोल हाय."

लांब नावेला वळायला पाणी अडवतं, गोल कढईला कोण अडवणार? एका कडेला दिलेला जोर मध्यातून जात नाही, म्हणून ती फिरते. प्राध्यापकांनी हे फळ्यावर काढलं होतं आणि मी ते सुंदर अक्षरात उतरवूनही घेतलं होतं.

मी डाव्या कडेला गेलो. कढई उलटी फिरू लागली. किती वाहत आलो ते बघायला उठलो, तर ती कलली आणि घागरभर पाणी आत आलं.

"बस खाली! ती शेळी बघ, मधोमध कशी बसून राहिली. तिला कळतं, तुला कळंना व्हय?"

शेळी रवंथ करत माझ्याकडे बघत होती.

आत्याने फळी हिसकावली, पुढच्या कडेशी गुडघे टेकले आणि समोरचं पाणी आपल्याकडे ओढू लागली. कढई मुकाट्याने सरळ निघाली. काठ दोन हातांवर आला तशी गाडी चुकायच्या धास्तीने मी उडी मारली. मी पुढे झेपावलो, कढई तेवढीच मागे सरली, आणि मी पिशवीसकट कमरेएवढ्या पाण्यात पडलो.

"आता झाला का तुझा रद्दे-अमल?" आत्या म्हणाली आणि हसू लागली.

गाडी मिळाली. पण पिशवीतल्या परीक्षेच्या प्रवेशचिठ्ठीवरची शाई पसरून माझा नंबर पुसट झाला होता. परीक्षेला तिथल्या साहेबांनी ती उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, "जो याद है, लिखो." मी आठवेल तो नंबर लिहिला.

बाकीच्यांचे निकाल लागले. माझा नंबर ना पास झालेल्यांत, ना नापासांत. वडलांनी बैलांना नव्या वेसणी घातल्या. आत्या मात्र रोज शेतातून येताना विचारी, "आलं का काही कागद?"

दिवाळीनंतर पाकीट आलं. मी एक आकडा चुकीचा लिहिल्यामुळे माझी उत्तरपत्रिका बाजूला पडली होती. आता ती सापडली होती, आणि पदार्थविज्ञानात मी पास होतो.