अर्जातला कारणाचा रकाना

आमच्याकडे बाईला गाव सोडायला चार कारणं चालतात. देव, दवाखाना, लग्न आणि बाळंतपण. पाचवं कारण सांगून पाहा, समोरचा माणूस हातातलं काम थांबवून विचारतो, "कायले?"

मी पत्रकं लिहिते. तलावातला गाळ काढा, सातबाऱ्यावर बाईचं नाव चढवा, धानाच्या रोवणीच्या बायांना सावलीला जागा द्या, असली पत्रकं. मागणी पहिल्या ओळीत लिहायची ही पत्रकाची शिस्त, ती इथेही पाळते. माझ्या आईला समुद्र पाहायचा होता, आगगाडीच्या खिडकीत बसून. तिच्याकडे दुसरं कारण नव्हतं आणि ते असायची गरजही नव्हती.

सुरुवात लाखोळीची डाळ निवडताना झाली. मी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहत होते. श्रीलंकेत एक गाडी समुद्राला इतकी चिकटून जाते की लाटेचे शिंतोडे रुळापर्यंत येतात. आईने सुपातून मान वर केली.

"कोन्या तलावाचं पानी आहे व हे?"

"समुद्र आहे, आई. पलीकडचा काठ दिसत नाही."

"पार कोनं बांधली मंग येवढ्या पान्याले?" ती हसली. कोंढा या आमच्या तलावाच्या गावात जन्म गेलेल्या बाईला पाणी म्हटलं की त्याला बांध असणार, हे ठाऊक. पण नंतर तिने तो व्हिडिओ तीनदा लावायला लावला आणि चौथ्यांदा म्हणाली, "मले असं बसाचं आहे. ही खिडकी धरून."

त्या दिवसापासून आमच्या घरात बेत शिजू लागला. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी नकाशा काढला. नागपूरहून विमान, मग कोलंबो, आणि तिथून खाली गॉलपर्यंत आगगाडी. आईने कागद उलटसुलट करून पाहिला.

"समुद्र कोन्या हाताले येते?"

"जाताना उजव्या."

"मावळतीकडं ना? मंग सकाळची गाडी पाह्य. दुपारची घेतली त ऊन डोळ्यात येईन, समुद्र कायचा दिसते. रोवना लावताना आपन उन्हाले पाठ देऊनच उभं राहातो."

मी आठ दिवस इंटरनेटवर प्रवाशांचे सल्ले वाचत होते. एवढं एक वाक्य मला कुठे सापडलं नव्हतं. नकाशावर मी ठळक अक्षरांत लिहिलं: सकाळची गाडी, उजवी खिडकी.

पासपोर्ट आला. मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा, आटोपली की घर मोकळं होतं, असा हिशेब करून मी विमानाची तिकिटं काढून टाकली. ती परत होणारी नव्हती, बदलणारीही नव्हती. राहिला श्रीलंकेच्या प्रवेश-परवान्याचा अर्ज. तो भरायला आम्ही तालुक्याला, पवनीला, एका ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात गेलो. दुकानदाराने आईचा पासपोर्ट पाहिला, आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"जायाचं कारन?"

"समुद्र पाहायचा आहे," मी म्हटलं.

"तसं नाही हो मॅडम. तिथं बुद्धाची मोठी मोठी देवस्थानं आहेत. तीर्थयात्रा टाकून देतो. शेतकरी बाई नुस्ती फिराले चालली म्हटलं त कोन मानेल?"

मी त्याला ऐकवलं. पुरुष थायलंडला जाऊन येतात तेव्हा त्यांना कोणतं देवस्थान विचारता? उभं आयुष्य चिखलात वाकलेल्या बाईने चार दिवस सरळ बसून काही पाहायचं, तर तिला देवाची चिठ्ठी लागते का? त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, मी फारम भरतो. मोर्चा नाही काढत."

आईने माझा दंड धरला. "मंग येऊ," म्हणाली.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीबाहेर पाहत राहिली. कोंढा जवळ आल्यावर म्हणाली, "तीर्थयात्राच लिवू दे ना व. तुह्या बाबाले बरं वाटन. ते म्हनून राहिले होते, म्या अडवत नाही, पन लोकाइले काय सांगू?"

मला संताप आला. दुकानदाराचा नाही, बाबांचाही नाही. आईने माघार घेतली, त्याचा. देवाच्या नावावर ती गेली असती तर समुद्र तोच दिसला असता, हे मला कळत होतं. पण परत आल्यावर तिला जन्मभर खोटं सांगावं लागलं असतं, की मी देव पाहिला आणि समुद्र वाटेत होता. मी तसं म्हटलं. तिने विचारलं फक्त, "तारीख कोनती आहे?"

मी सांगितली, जरा ऐटीतच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला तलावामागच्या बांधीत, आमच्या धानाच्या शेतात, घेऊन गेली. वरच्या बांध्यांतला लवकर पिकणारा हलका धान कापून झाला होता. तलावामागे मात्र भारी धान उभा होता, अजून हिरवा. पाणी धरणाऱ्या जमिनीत आम्ही भारीच लावतो, तो उशिरा पिकतो, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.

"तू म्हनतेस त्या तारखेले हा कापाले येते," आई म्हणाली. "मंग भारे, मंग पुंजना, मंग मशीनचा नंबर. पुंजना उघडा टाकून मी उडून जाऊ?"

पुंजणा म्हणजे कापलेल्या धानाची रचलेली गंजी. ती मळून घरात येईपर्यंत आमच्याकडे कोणी पाहुणेपणालाही जात नाही. मी तारीख हलक्या धानावरून धरली होती. 'बाईचे काम मोजा' हे पत्रक माझंच. त्याचं शीर्षक मी मोठ्या टाइपात छापून घेतलं होतं, आणि घरातल्या बाईचं काम मोजायला विसरले होते.

एकच वाट होती. आईची रोवणीची टोळी. अकरा बाया, पुढे आई. या टोळीत एक रीत आहे. बांधीत प्रत्येकीची एक पट्टी ठरलेली, तिला पात म्हणतात. एखादीला ताप आला, एखादीचं बाळ रडलं, ती मागे पडली, तर बाजूची बाई न बोलता तिची पात ओढून घेते. त्याचे आभार मानायचे नसतात. तिची वेळ आली की आपण ओढायची.

मी बोलायची तयारी केली होती, मुद्दे काढून. आई म्हणाली, "तू गप राह्य. पत्रक नोको वाचू."

टोळी एका शेतात कापणीला होती. दुपारी बाया झाडाखाली डबे उघडून बसल्या तेव्हा आईने विषय काढला. "मले नऊ दिस बाहेर जाचं आहे. देवाले."

टोळीतली सगळ्यात म्हातारी बाई, जिला आम्ही सगळे मोठीमाय म्हणतो, भाकरी मोडता मोडता थांबली. "कोन्या देवाले व?"

आईने डब्याचं झाकण लावलं, परत काढलं.

"काय वं, देवाचं नाव नाही आठवत? असा कोनता देव आहे बाप्पा?"

बाया हसल्या. आईने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, शब्द पाळला. मग ती एकदम म्हणाली, "देवाले नाही. समुद्र पाहाले जाऊन राहिली. रेल्वेत बसून. विमानाचं तिकीट निंघालं, आन माहा भारी धान उभा आहे."

मोठीमायने घास गिळला.

"मंग तसं सांग ना! देवाले जातो म्हटलं असतं त म्या म्हटलं असतं, पुंजना झाल्यावर जाजो, देव कोठं पळून चालला. पन समुद्र पाहाची तिकीट निंघाली म्हनतेस त जा. तुही पात आमी ओढतो."

"कापनी, भारे, मशीन, सप्पा," दुसरीने सगळंच अंगावर घेतलं. "माह्या पोरीच्या बाळंतपनात पंधरा दिस माही पात कोनं ओढली होती?"

"पन एक आहे," तिसरीने दम दिला. "आल्यावर अंगारा-बिंगारा नाही चालाचा. काय पाह्यलं ते सांगाचं. सप्पा सांगाचं."

आई रडली नाही. तिने पदराने तोंड पुसलं आणि विळा उचलून सगळ्यांच्या आधी बांधीत उतरली. मी आजवर बऱ्याच सभांत टाळ्या मिळवल्या आहेत. त्या दुपारी माझ्या एका शब्दाशिवाय ठराव पास झाला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी आम्ही परत पवनीला गेलो. या वेळी खुर्चीवर आई बसली. मी मागे उभी.

"लिवा," ती म्हणाली. "पाहाले."

"काय पाहाले, मावशी?"

"ते पाहून आल्यावर सांगतो तुमाले."

दुकानदाराने यादी उघडली. पर्यटन हा पर्याय तिथे होताच. आम्ही पहिल्यांदा आलो तेव्हाही असणार. त्याने तो निवडला आणि कागद छापून आईच्या हातात दिला. आईने घडी केली नाही, गावापर्यंत तो तसाच उघडा धरून आणला. बाबांनी तो पाहिला. संध्याकाळी पानठेल्यावर कोणीतरी विचारलंच, "वहिनी विदेशात चालल्या म्हन्ते, कायले?"

"समुद्र पाहाले," बाबा म्हणाले, आणि वर, "तुमी पाह्यला का?" समोरच्याने पाहिला नव्हता. आईने माझा नकाशाही टोळीत फिरवला, उजवी खिडकी बोटाने दाखवत.

निघायच्या दिवशी सकाळी आम्ही कोंढ्याच्या स्टँडवर नागपूरच्या बसची वाट पाहत होतो. समोरून टोळी चालली होती, आमच्याच बांधीकडे, खांद्यावर दोर, कमरेला विळे. बस आली. आई चढली, मी पिशव्या घेऊन मागे. बस हलली तशी रस्त्याच्या कडेने मोठीमाय भर आवाजात ओरडली, सगळा स्टँड वळून पाहील अशी:

"अवो, डाव्या हाताले बसजो नोको!"