आतोबांची इटलीची चटणी

चटणी हा जेवणातला मुख्य पदार्थ आणि भाकरी ही तिला तोंडी लावायला, असं मनापासून मानणारा मी पाहिलेला एकमेव माणूस म्हणजे आमचे आतोबा. माझ्या आत्याचे यजमान म्हणून मी त्यांना आतोबा म्हणायचो. त्यांच्या गावात, मार्गासनीत, मात्र सगळे त्यांना ‘लांगरी’ म्हणत, कारण लढाईच्या वर्षांत ते पलटणीत स्वयंपाकी होते आणि पलटणीतल्या स्वयंपाक्याला लांगरी म्हणतात. वर्दी उतरली तरी त्यांच्या अंगातली पलटण काही उतरली नव्हती. आत्यानं अंगण झाडलं की साहेब तपासणीला यावा तसे ते हात मागं बांधून फिरत. कोंबड्यांना दाणे टाकताना ‘लायनीत या’ म्हणून दम देत, आणि कोंबड्या लायनीत येत नाहीत याचा त्यांना रोज नव्यानं संताप येई. लसूण ठेचायची एक रीत असते आणि ती अख्ख्या मावळात कुणालाच येत नाही, हे त्यांचं ठाम मत होतं. मी तेव्हा भोरला शाळामास्तर होतो. सुट्टी लागली की नसरापूरहून बैलगाडी मिळाली तर गाडीनं, नाहीतर पायी मार्गासनी गाठायचो. आतोबा पाण्याचा तांब्या पुढं करायच्या आधी कसली तरी चटणी माझ्या तळहातावर ठेवायचे आणि मी काय म्हणतो ते न ऐकताच ‘तुला न्हाई कळायचं’ म्हणायचे.

पण या सगळ्या चटण्यांच्या वर एक चटणी होती. इटलीतल्या डोंगरात एका खेड्यापाशी त्यांची पलटण थांबली होती, तेव्हा ते तिथल्या एका म्हातारीच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायचे. दोघांना एकमेकांचं अवाक्षर कळत नव्हतं. म्हणूनच त्यांचं इतकं जमलं, असं आत्या म्हणायची. ती म्हातारी पांढऱ्या दगडाच्या खलात रुंद हिरवी पानं, लसूण, कसल्याशा बिया, मीठ, तेल आणि दूध फाडून वाळवलेला एक टणक गोळा किसून घालायची आणि चटणी करायची. ‘वाटायची न्हाई मास्तर,’ आतोबा मला बजावत, ‘पानाची समजूत काढायची. लई जोर केला तर काळं पडतंय.’ पलटण हलली त्या दिवशी म्हातारीनं त्या पानांचं बी कागदाच्या पुडीत बांधून त्यांच्या हातात दिलं. आपल्या बोटातली लग्नाची अंगठी दाखवली, मग यांच्याकडं बोट केलं आणि घास भरवतात तसा हात तोंडाशी नेला. बायकोला खाऊ घाल, याशिवाय त्याचा दुसरा काय अर्थ असणार? तिचा स्वतःचा मुलगा लढाईवरून परत आलेला नव्हता. हे सांगून झालं की आतोबा उगाच कुणावर तरी खेकसायचे. ती चटणी एकदा आत्याला खाऊ घालायची, एवढं एकच काम ते लढाईतून घरी घेऊन आले होते.

बी उगवलं झकास, आणि तिथंच सगळा घोळ झाला. आत्यानं पान चुरगळून नाकाशी धरलं, मंजिरी पाहिली आणि म्हणाली, ‘अगं बया, ही तर तुळस!’ त्यातून पान दारच्या तुळशीपेक्षा चांगलं दुप्पट मोठं. म्हणजे ही नुसती तुळस नव्हे, जागृत तुळस. तिन्हीसांजेपर्यंत आळीतल्या बायका हळदीकुंकू घेऊन हजर झाल्या. आतोबांना रोपाला हात लावायची चोरी झाली. कार्तिकात तर आत्यानं तिचं साग्रसंगीत लग्न लावलं. उसाचा मांडव, अंतरपाट, बत्तासे, सगळं. मुलीचे वडील म्हणून आतोबांना पाटावर बसवलं. ज्या पानांची चटणी करायची त्याच पानांवर अक्षता टाकताना त्यांचा चेहरा इतका पडला होता की बायकांना वाटलं, लेक सासरी जाणार म्हणून बापाला भरून आलंय.

रात्री जेवताना त्यांनी शेवटचा प्रयत्न केला. ‘अगं, ही तुळस न्हाई. आपल्या सब्जाची बहीण हाय ती.’

‘असंल,’ आत्या म्हणाली. ‘तुमची पत्रं थांबली तवा म्या वल्या लुगड्यानं दारच्या तुळशीला फेऱ्या घातल्यात. जिनं नवरा माघारी आणला तिला उखळात घालू व्हय?’



पुढच्या साली आतोबांनी मोर्चा हलवला. गोठ्याच्या मागं, बांधाच्या कडेला, जिथं कुणी तरी कधी काळी लावलेला सब्जा आपोआप माजला होता, तिथं आत्याच्या नजरेआड त्यांनी पुडीत उरलेलं बी पेरलं. एक जुनं उखळही तिथंच नेलं. वाळल्या दुधाच्या गोळ्यासाठी ते डोंगरावरच्या धनगरवाड्यात जाऊन आले. तिथल्या म्हाताऱ्या धनगरानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘जित्या म्हशीचं चांगलं दूध हातानं नासवायचं? लांगरी, लढाईत डोस्क्याला मार लागलाय का तुमच्या?’ मग यांनी घरीच चक्का बांधून, मीठ लावून, दगडाखाली दाबून उन्हात ठेवला. तो कावळ्यांनी खाल्ला. दुसरा ठेवला, त्यावर स्वतः काठी घेऊन राखणीला बसले. बियांच्या जागी शेंगदाणे आले, तेल घाण्याचं आलं. जी चटणी मनासारखी जमायची नाही ती म्हशीच्या घमेल्यात जायची, आणि संध्याकाळी दुधाला लसणाचा वास कसा येतो म्हणून आत्या म्हशीची दृष्ट काढायची.

आणि एक दिवस ती चटणी जमली. मी तिथंच होतो. ती आधी गोडसर लागली, मग लवंगेसारखी जिभेला चावली आणि मग तिचा वास कितीतरी वेळ नाकात राहिला. मी आयुष्यात इतकी चांगली चटणी खाल्लेली नाही. आतोबा डोळे मिटून उकिडवे बसले होते. ‘दाणे आपले, तेल आपलं, चक्का आपला,’ ते म्हणाले, ‘पान तेवढं तिचं. पर पान हाय तवर चटणी तिचीच.’ मग वाटी आणि ताजी भाकरी घेऊन ते चुलीपाशी गेले आणि आत्यापुढं बसले. आत्यानं वास घेतला. तिनं वाटीला दोन्ही हात जोडून नमस्कार केला आणि तोंड फिरवलं. आतोबांनी वाटी पुन्हा बाहेर आणली. त्या दिवशी कोंबड्यांना त्यांनी लायनीविनाच दाणे टाकले.

त्यानंतर दर साली ते आदल्या साली धरलेलं बी पेरत आणि दर साली पानं थोडी अरुंद येत. वास पातळ होत गेला, देठावर तांबूस झाक आली. एका बांधावर वाढल्यावर मधमाश्या दोन्हीकडं फिरणार आणि बी सब्जाच्या वळणावर जाणारच, हे मी त्यांना मास्तरकीच्या थाटात समजावून सांगितलं. ते एकेक पान खुडून हुंगत होते आणि टाकून देत होते. रोप लपवायला सब्जाच्या शेजारी आपणच नेलं, हे त्यांना माझ्याआधी कळलेलं होतं. मला तेव्हा त्यांची फार दया आली.

मग एका पावसाळ्यात आत्या शेण भरायला गोठ्यामागं गेली, उखळाशेजारच्या रोपाचं पान चुरगळून हुंगलं आणि तिथूनच ओरडली, ‘अवं, हा तर सब्जा! मग इतकी वर्सं तुळस तुळस म्हून का भ्या घातलंत मला?’ भ्या कुणी कुणाला घातलं होतं हे सांगायची सोय नव्हती. तिनं ओटीभर पानं खुडली, आपल्या स्वयंपाकघरातल्या पाट्यावर घेतली आणि चांगला जोर लावून वाटली. दोन हिरव्या मिरच्याही घातल्या. आम्हा दोघांना वाढली, स्वतः घेतली आणि पहिला घास खाऊन म्हणाली, ‘ब्येस लागती की. ती म्हातारी अशीच करायची का वो?’

लसणाची एक पाकळी जास्त पडली म्हणून अख्खं उखळ म्हशीला घालणारा हा माणूस. मी जेवायचा थांबलो. आतोबांनी घास सावकाश गिळला आणि आत्याकडं बघून म्हणाले, ‘व्हय. अक्षी अशीच.’

आत्यानं आणखी वाढून घेतली. हात धुताना आतोबा माझ्याकडं न बघता म्हणाले, ‘खाल्ली न्हवं तिनं?’ आणि धोतराला हात पुसत गोठ्याकडं गेले.

आतोबा जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. आत्या अजून ती चटणी करते आणि आल्यागेल्याला वाढते. इटलीत ही अशीच करतात, आमच्या घरचे सांगायचे, असं मोठ्या अभिमानानं सांगते. मी समोर असलो तर माझ्याकडं बघते. आतोबांना तिला खाऊ घालायची होती ती चव एका साली खरोखरच तिच्या चुलीपाशी, तिच्या हाताच्या अंतरावर आली होती आणि न चाखताच परत गेली, याचं मला फार वाईट वाटतं. ते माहीत असणारे आम्ही दोघं होतो, आता मी एकटाच आहे. मी मान डोलावतो आणि आणखी थोडी मागून घेतो.