बंद सर्व्हरची पूजा

लातूरच्या आमच्या मुख्य दवाखान्यात दर खंडेनवमीला एका बंद सर्व्हरची पूजा होते. हळदकुंकू, झेंडूचा हार, पुढ्यात नारळ, सगळं रीतसर. नव्याने लागलेल्या पोरी तोंडाला पदर लावून हसतात, कारण त्या खोक्याला ना वायर आहे ना आत डिस्क. मला हसू येत नाही. ते खोकं माझ्या थोरल्या भावाचं आहे आणि त्याच्या डिस्क त्यानेच घणाने फोडल्या आहेत.

आमच्या ट्रस्टचे पाच दवाखाने. लातूर, नांदेड, अहमदपूर, जळकोट आणि देगलूर. पूर्वी प्रत्येक ठिकाणी आपापला सर्व्हर होता, म्हणजे पेशंटच्या नोंदी, रिपोर्ट, एक्स-रे असं सगळं पोटात घेऊन बसलेला एक मोठा कॉम्प्युटर. अहमदपूरचा जिन्याखाली धूळ खात असायचा. जळकोटचा औषधांच्या फ्रिजला चिकटून, आणि फ्रिज गळका. नांदेडचा उन्हाळ्यात इतका तापायचा की त्याच्यापुढे टेबलफॅन लावून ठेवायचे. मी लातूरला बसून पाचही ठिकाणांची सिस्टिम बघायचो आणि दिवसभर या खोक्यांच्या नावाने शिव्या घालायचो.

शेवटी ट्रस्टने माझं ऐकलं. लातूरला एक दणकट यंत्र आलं, त्याच्या शेजारी डिस्कांचं मोठं कपाट, आणि अशीच एक जोडी नांदेडला. पाचही सर्व्हर आता खोकी म्हणून उरणार नव्हते, त्या एका यंत्राच्या पोटात नुसत्या सॉफ्टवेअरच्या रूपाने चालणार होते. वेगळे निघालेले पाच भाऊ पुन्हा एका चुलीवर आणतोय, असं मी अप्पांना समजावलं. अप्पा म्हणजे आमचे अध्यक्ष. कपाळावर विभूतीचे पट्टे, बोलणं गोड, आणि मनात आलेलं केल्याशिवाय न राहणारा माणूस. त्यांना ते फार पटलं. लातूरचं यंत्र बंद पडलं तर नांदेडचं आपोआप सगळा भार उचलेल, हेही मी सांगितलं होतं.

देगलूरचा सर्व्हर दादा सांभाळायचा. आमच्या घरात तोंडाआधी हात चालतो. वडिलांचा चालायचा, दादाचा चालतो, माझाही काही कमी नाही. सर्व्हरच्या खोलीत चप्पल घालून शिरणाऱ्याच्या कानाखाली दादा वाजवायचा. एकदा त्यात एक डॉक्टरही सापडला होता. त्या खोलीचं कुलूप रात्री दाराला असायचं आणि दिवसभर त्याच्या खिशात.

खोकं उचलायला मी गेलो तेव्हा तो दारात उभा होता. कुलूप मुठीत.

"माजी खोली रिकामी करायला दुसरं कुणी घावलं न्हाई का?"

"दादा, सगळीकडंच होऊन राहिलंय हे. तुला नोंदणीच्या खिडकीवर बसवणार हायत. पगार तोच."

"खिडकीवर? चिठ्ठ्या फाडायला?"

आणि त्याने कुलपासकट मूठ माझ्या तोंडावर मारली. पुढचा दात तुटून जिभेवर आला. मी त्याची मान धरून त्याला लोखंडी रॅकवर आपटला, त्याची भुवई फाटली. सिस्टर लोकांनी ओढून वेगळं केलं तेव्हा आम्हा दोघांचं रक्त त्याच्या त्या स्वच्छ फरशीवर पडलं होतं, आणि दोघांच्याही पायात चपला होत्या.

जुन्या डिस्कवर पेशंटची माहिती असते, म्हणून त्या भंगारात द्यायच्या नाहीत, फोडायच्या असा नियम आहे. दादा म्हणाला, मीच फोडणार. मला नाही, सिस्टरला म्हणाला. वेल्डिंगवाल्याकडून घण आणला आणि दवाखान्यामागच्या दगडावर एकेक डिस्क ठेवून तो घाव घालत सुटला. पत्रा फाटत होता, आतल्या चकत्यांचे तुकडे उडत होते. एक तुकडा माझ्या गालाला लागला. दादा घाव डिस्कवर घालत होता आणि बघत माझ्याकडे होता.

त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलायचा बंद झाला. फोन लावला तर वहिनी उचलायची. आई म्हणायची, दसऱ्याला सोनं द्यायला तरी जा रे, त्या दिवशी कुणी तोंड फिरवत नाही. दाताचं मला काही नव्हतं, तो दुसरा बसवला. दादा बोलत नाही हे मात्र आतून कुरतडत होतं, आणि हा दसरा हुकला तर तो जन्मात बोलणार नाही, असं माझ्या मनाने घेतलं होतं.

दसऱ्याच्या आदला दिवस खंडेनवमीचा. आमच्याकडे त्या दिवशी विळ्या-कोयत्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं धुऊनपुसून पुजतात, आणि पुजलेलं हत्यार त्या वेळी चालवत नाहीत, त्याला विश्रांती देतात. सर्व्हरलाही ही रीत लागू होती. पूर्वी पाच ठिकाणी पाच पूजा व्हायच्या. देगलूरचं खोकं बंद केलं तर फक्त देगलूर थांबायचं, आणि दादा आधी वॉर्डावॉर्डात ओरडून सांगायचा की काय बघायचं ते आत्ताच बघून घ्या. आता सगळं एका यंत्रात आहे, म्हणून मी अप्पांना बजावलं होतं, हार दाराला घाला, नारळ बाहेर फोडा, बटणाला हात लावू नका.

त्या सकाळी जळकोटची नेटची लाइन तुटली म्हणून मी तिकडे गेलो. लातूरला पूजा मांडली गेली. यंत्र आत घरघरत होतं ते अप्पांना बरं दिसेना. "चालू हत्याराची पूजा करत्यात का कुठं?" असं म्हणून त्यांनी ते बंद करायला लावलं. एवढ्यावर भागलं असतं, नांदेडच्या जोडीदाराने भार उचलला असता. पण अप्पा भाविक माणूस. त्याची जोडी उपाशी कशी ठेवायची, म्हणून त्यांनी आधीच नांदेडला फोन करून तिचीही त्याच मुहूर्तावर पूजा मांडायला सांगितली होती. तिथल्यांनीही मनोभावे बटण दाबलं. पाच दवाखाने एकदम आंधळे झाले.

मला कळलं तेव्हा मी फोनवर अप्पांना जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. चालू करतानाही गोंधळ घातला. आधी डिस्कांचं कपाट जागं व्हावं लागतं, मग यंत्र. यांनी यंत्र आधी चालू केलं, त्याला डिस्क दिसेनात, ते नुसतंच दिवे मिचकावत बसलं. पुन्हा सगळं बंद करा, पुन्हा पहिल्यापासून, असं मी जळकोटच्या रस्त्यावर उभा राहून ओरडत होतो. तेवढ्यात देगलूरच्या सिस्टरचा फोन आला.

"लवकर या. तुमच्या दादाला मारून राहिलेत."

मुखेडमार्गे गाडी अशी हाणली की रस्त्यावर वाळत घातलेल्या सोयाबीनवरून दोनदा चाकं सरकली. देगलूरला काय झालं ते सिस्टरने वाटेतच फोनवर सांगितलं. बाळंत झालेल्या एका बाईचं रक्त थांबत नव्हतं. रक्त चढवायचं तर तिच्या तपासणीचा रिपोर्ट हवा, आणि रिपोर्ट कॉम्प्युटरमध्ये. तिचा भाऊ नोंदणीच्या खिडकीवर आला. दादा म्हणाला, सिस्टिम बंद आहे. तो पुन्हा आला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्याने खुर्ची उचलून खिडकीची काच फोडली, दादाचा उजवा हात धरला आणि त्या फुटक्या काचेतून त्याला बाहेर खेचला. काचेने मनगट आतपर्यंत चिरलं. मग गावाकडची चार माणसं लाथांनी तुटून पडली.

मी पोचलो ते डिकीतली टॉमी हातात घेऊनच, चाकं खोलायची ती लोखंडी पहार. नोंदणीपुढे फरशी लाल झाली होती, तिच्यात चपलांचे ठसे. ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी एक तरुण भिंतीला टेकून बसला होता. शर्ट दादाच्या रक्ताने भिजलेला. हाच तो, हे कुणी सांगायची गरज नव्हती. मी टॉमी वर उचलली. त्याने हातसुद्धा आडवा घातला नाही, नुसता बघत राहिला. खरं सांगतो, मी ती त्याच्या डोक्यातच घालणार होतो.

"खाली ठेव."

शेजारी स्ट्रेचरवर दादा होता. डोळा सुजून मिटलेला, हाताला बांधलेलं फडकं लाल झालेलं. कित्येक महिन्यांनी तो माझ्याशी बोलला होता.

"दादा, यानं तुला..."

"खाली ठेव म्हणलं न्हवं! बहीण हाय आत त्याची. भाऊ हाय त्यो." दादाने श्वास घेतला. "मी बी त्येच केलं असतं. तू बी."

टॉमी माझ्या हातातून सुटून फरशीवर वाजली. तो तरुण तेव्हा रडायला लागला, सीमेपलीकडचा होता, तेलुगूत काहीबाही बोलत. त्याची बहीण वाचली. लॅबमधल्या पोरीने यंत्राची वाट न बघता रक्ताची तपासणी नव्याने करून दिली होती. चालू यंत्राच्या बटणाला पुन्हा कुणी हात लावू नये म्हणून पुढच्या वर्षापासून पूजेला दादाचं ते रिकामं खोकं लातूरला मांडतात.

दादाच्या हाताचं ऑपरेशन झालं. शिरा जुळल्या, पण उजव्या हाताची बोटं मुठीत वळणार नाहीत, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले. दसऱ्याच्या दिवशी मी आपट्याची पानं घेऊन त्याच्या खाटेशी गेलो आणि पाया पडलो. सोनं उजव्या हातात द्यायचं, आणि उजवा हात तर प्लास्टरमध्ये. मी पानं धरून तसाच उभा राहिलो. दादा त्या हाताकडे बघत होता.

"मारायला हात ऱ्हायला न्हाई आता," तो म्हणाला. "बोलावंच लागंल तुज्याशी. खिशात टाक."

मी पानं त्याच्या खिशात टाकली.